जुन्या ४०७ साठी घरी वेल्डिंग मशीन घ्यायचंय: आर्क, गॅसलेस की सीओटू?

चिरखाण दापोली

मंडळी, गाडी टाटा ४०७, १९९१ची. बाबांनी घेतली तेव्हा मी दुसरीत होतो. पावसाळा सोडला की खाणीवरून चिरा वाहायचा, आणि एप्रिल-मे आला की हौदा झाडून-पुसून आंब्याच्या पेट्या भरायच्या, कशेडी घाट चढून पहाटेपर्यंत वाशीचं मार्केट गाठायचं. त्या एका गाडीवर घर बांधून झालं, दोन बहिणींची लग्नं झाली. गेली काही वर्षं ती जुन्या गोठ्यात उभी आहे. बाबा आता ७४ वर्षांचे. गाडी चालवत नाहीत, पण सकाळी चहा झाला की गोठ्यात एक फेरी असतेच.

इंजिनाची मला चिंता नाही. बॅटरी लावली, डिझेलची लाइन साफ केली, एअर काढली आणि चालू झालं. रडगाणं पत्र्याचं आहे. चिऱ्याची लाल भुकटी केबिनच्या कानाकोपऱ्यात बसलेली, तिच्यावर आमचा पाऊस. ती माती ओली राहते आणि आतून पत्रा खाते. दोन्ही दरवाजांची खालची पट्टी गेली. पायऱ्या गेल्या. ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर स्क्रूड्रायव्हरने टोचला तर आरपार. चासीवर (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर) मागच्या पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पुढच्या ब्रॅकेटजवळ एक बारीक रेघ दिसतेय, ती तडा आहे की रंग फुटलाय हे अजून कळलेलं नाही.

आणि एक नाजूक जागा. काचेच्या वर, कपाळावर ‘श्री काळकाई प्रसन्न’ असं हाताने लिहिलेलं आहे. लिहिणारे खेडचे पेंटर आता हयात नाहीत. ‘श्री’च्या खाली तळहाताएवढा भाग गंजलाय. तालुक्यातला डेंटर म्हणाला, पूर्ण कपाळ कापू, नवा पत्रा टाकू, अक्षरं स्टिकरची लावू. मी गाडी परत आणली. तो खालच्या पट्टीलाही जुन्या पत्र्यावर नवा पत्रा मारून वर पुट्टी भरणार होता. म्हणजे दोन पावसाळ्यांनी पुन्हा तेच. म्हणून हे काम मी स्वतः शिकून करणार आहे, कितीही वेळ लागो.

अनुभव म्हणाल तर शेजाऱ्याच्या आर्क मशीनवर दोन गेट आणि पाण्याच्या टाकीचा स्टँड केलाय, १२ नंबरच्या रॉडने. जाड अँगलवर शिवण बरी येते. पातळ पत्र्याला कधी हात लावलेला नाही.

चिपळूणला तीन दुकानं फिरलो. पहिल्याने २०० अँपिअरचं इन्व्हर्टर आर्क मशीन दाखवलं, म्हणाला याने सगळं होतं. दुसऱ्याने थ्री-इन-वन, म्हणजे तीन प्रकारचं वेल्डिंग एकाच मशीनमध्ये. तिसरा म्हणाला गॅसलेस घ्या, सिलिंडरची कटकट नाही. बजेट हेल्मेट-बिल्मेट धरून ३० हजार. गोठा मीटरपासून ३० मीटरवर, वायर २.५ चौरस मिमीची, आणि संध्याकाळी आमच्याकडे दिवे पिवळे पडतात.

यातलं काय घ्यावं?

उद्यमनगर जीप, कोल्हापूर

भावा, तीन दुकानदारांनी तुला वरचा आकडा सांगितला. २००, २५०. तू खालचा आकडा विचार. मशीन किती कमी अँपिअरवर न अडखळता चालतं, त्यावर तुझं काम आहे. ४०७ चा पत्रा मी मोजलेला नाही, पण माझ्या एमएम ५४० जीपचा बराचसा पत्रा १ मिमीच्या आसपास होता. गंजून तो कुठं ०.६ झालेला, कुठं नुसता रंगावर उभा. त्याला २०० अँपिअर काय करायचेत?

माझं काय झालं ते सांगतो. मीपण आर्कवरच शिकलो. १४ नंबरची रॉड, म्हणजे २ मिमीची, आणली. मशीन ४० वर ठेवलं. रॉड चिकटायची. ४५ केलं, चिकटायची थांबली आणि पत्र्याला भोक. भोक बुजवायला गेलो, ते रुपयाएवढं झालं. एका दरवाजाच्या तळाला तीन दिवस गेले आणि शेवटी तो दरवाजा भंगारात दिला. आर्कमध्ये वाईट काय नाही, पण रॉड पेटवायला जी उष्णता लागते तीच पातळ पत्र्याला सोसत नाही.

मग गॅसलेस वायर लावली. चालतंय, खोटं नाही बोलणार. पण त्या वायरीच्या पोटात फ्लक्स (गॅसचं काम करणारी पूड) असतो, ती गरम चालते, शितोडे लई उडवते, वर मळी काढत बसायची. १.२ मिमीच्या वर, उघड्यावर, वाऱ्यात काम असलं तर ती कामाची. ट्रॉलीचा फाळका, गेट, शेड. केबिनच्या पत्र्याला नको.

शेवटी गॅस लावला आणि तेव्हा काम सुरू झालं. गॅस आणि वायरच्या या वेल्डिंगला इथं उद्यमनगरात सगळे सीओटूच म्हणतात, मिग म्हटलं तर वळून बघतात. ०.८ची वायर, गॅस, आणि ट्रिगर एक सेकंद दाबायचा, सोडायचा. एक ठिपका. मग चार बोटं लांब दुसरा. असं ठिपक्याला ठिपका जोडत यायचं. सलग ओढायचं नाही.

घेताना चार गोष्टी बघ. एक, व्होल्टेज आणि वायरचा वेग दोन्ही वेगवेगळे फिरवता आले पाहिजेत. दोन, टॉर्च (हातात धरायची, वायर बाहेर सोडणारी बंदूक) मशीनला कायमचा जोडलेला नको, युरो कनेक्टरचा हवा, म्हणजे खराब झाला तर बदलता येतो. तीन, वायर ढकलायच्या रोलरला ०.८ची खाच आहे का, ती दुकानात उघडून बघ. चार, ध्रुव बदलायची सोय. गॅसवर साधी वायर चालवताना टॉर्च प्लसला, गॅसलेस वायरला टॉर्च मायनसला. हे उलटं राहिलं तर मशीन चांगलं असून शिव्या खातं.

आणि दुकानात तुझा स्वतःचा पत्र्याचा तुकडा घेऊन जा. त्यांच्या ५ मिमीच्या पट्टीवर कुठलंपण मशीन झकास चालतं.

द्राक्षबाग पिंपळगाव

माझ्याकडे गॅसलेस आहे, चार वर्षं झाली, फवारणीच्या ट्रॉलीची आणि मांडवाच्या अँगलची सगळी कामं त्यावर करतो. सिलिंडर आणायला-न्यायला माणूस मोकळा नसतो, म्हणून मला तेच बरं. पण वरच्या भाऊंशी सहमत. पिकअपचा मडगार्ड केला होता, पलीकडून बघवत नाही.

चिरखाण दापोली

उद्यमनगर, मनापासून आभार. आज व्हर्नियर घेऊन बसलो. रंग खरवडून, पत्रा शाबूत आहे तिथे मोजलं. दरवाजाचा बाहेरचा पत्रा ०.९. फ्लोअर १.२. कपाळाचा ०.९, पण गंजलेल्या भागाच्या कडेला ०.५ पर्यंत उतरलाय.

व्होल्टेजही मोजलं. सकाळी ११ वाजता गोठ्यातल्या सॉकेटला २२४. संध्याकाळी साडेसातला १८८. दुसऱ्या दुकानदाराला फोन केला तर म्हणाला ‘चालेल की’. पण चालेल म्हणजे नक्की काय, ते त्याला सांगता येईना.

आयटीआय वेल्डर निदेशक

मी वेल्डर ट्रेड शिकवते. व्होल्टेजचा प्रश्न कुणी विचारत नाही, तुम्ही मोजून आलात हे फार चांगलं केलंत. त्याचंच उत्तर आधी देते.

बहुतेक इन्व्हर्टर मशीनच्या पाटीवर २३० व्होल्ट, अधिक-उणे १५ टक्के असं लिहिलेलं असतं. म्हणजे खालची मर्यादा साधारण १९५. तुमचे १८८ हे मशीन चालू न करताच आहेत. वेल्डिंग सुरू झालं की आणखी पडणार. मग मशीन एक तर लाल दिवा लावून थांबेल, नाहीतर कंस (आर्क) मध्येच तुटेल आणि तुम्हाला वाटेल आपला हात चुकतोय. नवीन माणूस यातच खचतो.

आता मशीन किती ओढेल ते पाहू. पातळ पत्र्याला ६० अँपिअर लावलेत तर घरच्या लाइनमधून साधारण ८-९ अँपिअर जातात. इस्त्री आणि मिक्सर एकदम लावल्यासारखं. तेच आर्कवर १५० अँपिअर लावून जाड काम केलंत तर लाइनमधून ३०च्या घरात. तुमची २.५ची तांब्याची वायर ३० मीटर असेल तर ९ अँपिअरला तिच्यात ४ व्होल्ट पडतील, ते सोसेल. ३० अँपिअरला १३ व्होल्ट पडतील आणि वायरही तापेल, ते सोसणार नाही. म्हणून केबिनच्या कामाला आहे त्या वायरीवर चालेल, पण मीटरपासून गोठ्यापर्यंत ६ची वायर टाकून स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग करून घ्या. ते काम परवानाधारक वायरमनकडून. विजेच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, तो बघून जाड कामाचं ठरवा.

लांब वायर गुंडाळीवर ठेवून कधीही वेल्डिंग करू नका. पूर्ण उलगडा. गुंडाळीत उष्णता कोंडते आणि आवरण वितळतं.

संध्याकाळच्या १८८ ला तुमच्या हातातला इलाज एकच: सकाळी १० ते ४ काम. तेवढ्यासाठी मोठा स्टॅबिलायझर घेण्यापेक्षा ते पैसे हेल्मेटला लावा. आणि वळवाच्या दिवसांत काम संपलं की प्लग काढून ठेवा. वीज पडून आतला बोर्ड जळालेली मशीनं मी दर मे महिन्यात बघते.

हेल्मेट आपोआप काळं होणारं घ्या. ठिपक्या-ठिपक्यांच्या कामात काच वर-खाली करायला हात मोकळा नसतो, आणि ‘एकच तर ठिपका आहे’ म्हणून डोळे मिटून मारण्याची सवय लागते. पापणी वेळेत मिटेलच यावर विसंबू नका. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं ते त्यामुळेच. तुमच्या अँपिअरला ९ किंवा १० नंबरची काळोखी पुरेल. अंगात सुती कपडे, पूर्ण बाह्या. टेरिलिनचा शर्ट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो.

एक विनंती. नवा तुकडा म्हणून घरच्या कौलांवरचा उरलेला जीआय पत्रा वापरू नका. त्यावर जस्त असतं, त्याचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. दुकानात सीआर पत्रा म्हणून मागा, २० गेज म्हणजे तुमच्या ०.९ला जवळचा, १८ गेज फ्लोअरला. आणि पत्रा पुसायला क्लोरीन असलेलं क्लीनर वापरून लगेच वेल्डिंग करू नका. त्यातून विषारी वायू तयार होतो. साध्या थिनरने पुसा, पूर्ण वाळू द्या, डबा गोठ्याबाहेर ठेवा.

गोठा म्हणालात म्हणून विचारते, वर माळ्यावर पेंढा आहे का?

चिरखाण दापोली

मॅडम, होता. काल तुमचं वाचून आजच सगळा उतरवला आणि खळ्यापलीकडे नेला. खाली जुनी गोणपाटंही होती. खरं सांगतो, माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

दापोडी बॉडी सेक्शन

नमस्कार. मी १९८२ ते २०१६ एस.टी.च्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत होतो, बरीच वर्षं बॉडीवर. तुमचा धागा मुलाने वाचून दाखवला. मी सांगतोय आणि तो टाइप करतोय.

मशीनचं वरच्या दोघांनी बरोबर सांगितलं. गॅसवरचं सीओटू घ्या. आमच्या सुरुवातीच्या काळात पातळ पत्रा आम्ही ऑक्सिजन-ॲसिटिलीनच्या ज्योतीने जोडायचो, आणि ज्याचा हात बसला आहे त्याच्या जोडीला आजही तोड नाही. तो जोड मऊ राहतो, हातोडी-डॉलीवर (डॉली म्हणजे मागून धरायचा लोखंडी ठोकळा) ठोकून सपाट करता येतो. सीओटूचा ठिपका कडक असतो, तो ठोकत नाहीत, घासतात. पण ज्योतीची उष्णता वीतभर पसरते, पत्रा फुगतो, आणि तो परत बसवायला वर्षं घालवावी लागतात. घरी दोन सिलिंडर ठेवून ते शिकू नका. तुमची अक्षरं तर त्यात नक्की जातील.

आता मशीन येण्याच्या आधीचं सांगतो, कारण खरी चूक तिथे होते. फ्लोअर आणि पायरी कापायच्या आधी केबिनला आधार द्या. दरवाजे बसलेले असू द्यात, बंद करून चारी बाजूंची फट बघा, खडूने लिहून ठेवा. मग दरवाजाच्या पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत आतून एक चौकोनी पाइप ठिपक्यांनी पकडवा, एक तिरका. मगच कापा. खालचा पत्रा गेला की केबिन उघड्या पेटीसारखी होते, अर्धा सेंटिमीटर सरकली तरी नंतर दरवाजा जन्मभर लागत नाही. मी अशी गाडी बघितली आहे, सगळा पत्रा नवा, आणि दरवाजाला सुतळी.

एकदम दोन्ही बाजू कापू नका. एक बाजू पूर्ण करा, दरवाजा लावून बघा, मग दुसरी.

कंपनीच्या जोडाला बारीक गोल खळगे दिसतील, ते स्पॉट वेल्डिंगचे ठिपके. त्यावर ८ मिमीचं ड्रिल मारा, फक्त वरच्या पत्र्यापुरतं, म्हणजे खालचा आधार शाबूत राहतो. नव्या पत्र्याला त्याच जागी ८ मिमीची भोकं पाडा, घट्ट दाबून धरा, आणि भोकाच्या मध्यातून सुरू करून भोक भरा. हा प्लग. फ्लोअर आणि पायरी अशी बसवा. दोन पत्र्यांच्या मध्ये फट राहिली तर वरचा जळतो आणि खालच्याला पकड मिळत नाही, म्हणून पकडी जितक्या जमतील तितक्या घ्या. मध्ये जस्ताचा प्रायमर मारा, तो वेल्डिंगसाठीचा वेगळा मिळतो. प्लगच्या जागी तो पुसून घ्या.

दरवाजाचा बाहेरचा पत्रा मात्र एकावर एक नको. कडेला कड. मध्ये वायरीच्या जाडीएवढी फट ठेवा आणि मागून तांब्याची पट्टी धरा. तांब्याला ठिपका चिकटत नाही आणि ते उष्णता ओढून घेतं. तांबं नसेल तर जुना तांब्याचा पाइप ठोकून चपटा करा.

कपाळाचं आता. गंजलेला भाग कापताना चांगला पत्रा लागेपर्यंत कापा, ०.५ वर वेल्डिंग टिकणार नाही. कोपरे गोल ठेवा. ‘श्री’च्या खालच्या रेषेपासून किती जागा मिळते बघा. चार बोटं मिळाली तर निश्चिंत. दोनच मिळाली तर अक्षराच्या बाजूला ओल्या मातीचा जाड लपेटा लावा, कडेपर्यंत नको, शिवण ओली होता कामा नये. एक ठिपका मारा आणि हात लावून बघा. हात टिकत नसेल तर दुसरा ठिपका नाही. बसून राहा. त्या एका तुकड्याला पूर्ण दिवस गेला तरी जाऊ द्या. आणि ग्राइंडरसुद्धा तितकाच तापवतो हे लोक विसरतात. तिथे मोठी चकती नको, फ्लॅप व्हील हलक्या हाताने.

शेवटी चासी. ती रेघ वायर ब्रशने साफ करा, डिझेलने पुसा, वर खडूची पूड लावा. तडा असेल तर डिझेल आतून बाहेर येऊन पांढऱ्यावर रेघ उमटेल. उमटली, तर तिथे घरचं सीओटू लावायचं नाही. पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ गाडीचं सगळं वजन येतं. वरून शिवण मारली की ती दिसायला छान दिसते आणि तिच्याच कडेला नवीन तडा जातो. त्याला तड्याच्या टोकाला भोक पाडून तडा थांबवावा लागतो, तड्यावर व्ही आकाराची खाच काढून आतपर्यंत भरावं लागतं, भट्टीत सुकवलेली ७०१८ रॉड लागते, आणि पट्टी मारायची तर तिची टोकं निमुळती, चासीच्या वरच्या-खालच्या काठावर आडवी शिवण कुठेच नाही. हे चासीचं काम करणाऱ्याकडेच न्या, आणि तो चासी नंबरच्या जवळ घासणार नाही हे तिथे उभं राहून बघा. तो नंबर गेला तर गाडीचा कागद गेला.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची दोन्ही टोकं सोडवा, अल्टरनेटरचं कनेक्शन काढा, अर्थची पकड जिथे काम आहे तिथेच लावा. डिझेलची टाकी उतरवून बाहेर ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत वाफ साठलेली असते.

उद्यमनगर जीप, कोल्हापूर

काका, हात जोडले. पाइपचा आधार मी दिला नव्हता आणि माझ्या जीपचा डावा दरवाजा अजून वर उचलून लावतोय. आता कळलं का ते.

भावा, गॅसचं राहिलं. शुद्ध सीओटू स्वस्त, सगळीकडे मिळतो, पण शितोडे जास्त आणि जरा खोल जातो. आर्गॉन ८०, सीओटू २० असा मिक्स मिळाला तर पातळ पत्र्यावर कंस मऊ राहतो. तुझ्या भागात मिक्स मिळत नसेल तर सीओटूवर अडू नकोस, नुसता व्होल्टेज जरा सांभाळ. शुद्ध सीओटूला रेग्युलेटर हीटरवाला घे, नाहीतर तो बर्फ धरतो. आणि त्याचा काटा बघून गॅस किती उरला ते कळत नाही. आत द्रव असतो, तो संपेपर्यंत काटा तिथंच. सिलिंडर वजनावर ओळखायचा. प्रवाह मिनिटाला ८-१० लिटर पुरतो, गोठ्याची वाऱ्याकडची बाजू ताडपत्रीने झाक.

सुरुवातीला ०.९ वर १६ व्होल्ट, वायर मिनिटाला ३ ते साडेतीन मीटर, तिथून पुढं-मागं कर. तळलेल्या भज्यासारखा सलग तडतड आवाज आला की बरोबर. फाट-फाट आला तर वायर जास्त.

चिरखाण दापोली

सहा आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी.

मशीन घेतलं सीओटूचं, गॅस आणि गॅसलेस दोन्ही चालणारं, ३० अँपिअरपासून सुरू होणारं, युरो टॉर्चचं. उद्यमनगरच्या सांगण्याप्रमाणे ०.९ चे पत्र्याचे तुकडे पिशवीत घेऊन गेलो. पहिल्या दुकानाने ‘इथे टेस्ट नाही’ म्हणून सांगितलं, तिथून निघालो. दुसऱ्याने करू दिलं. त्याच्या महागड्या मशीनवर माझ्या हातून भोक पडलं आणि साध्यावर ठिपका बसला, कारण महागडं ५० च्या खाली यायलाच तयार नव्हतं. मशीन १९,५०० ला पडलं. हेल्मेट, हातमोजे, हीटरचा रेग्युलेटर, ५ किलो वायर आणि सिलिंडरची अनामत धरून ३१ हजारांच्या थोडं वर गेलो. मिक्स मिळाला नाही, शुद्ध सीओटूच आहे. गोठ्यापर्यंत ६ची वायर वायरमनने टाकली, तो खर्च वेगळा.

पहिले दहा दिवस गाडीला हात लावला नाही. नुसते तुकडे जोडले. रोज संध्याकाळी ते तुकडे पकडीत धरून मोडायचे. पहिल्या आठवड्यात शिवण सुटायची, ठिपके वरच्यावर बसलेले. मग व्होल्टेज १६वरून साडेसोळा केलं, वायर थोडी कमी केली, आणि दहाव्या दिवशी पत्रा वाकला पण जोड सुटला नाही. तो तुकडा खिडकीत ठेवलाय.

चासीवर डिझेल आणि खडू लावला. रेघ उमटली, बोटभर लांब. काका, तुम्ही सांगितलं नसतं तर मी त्यावर एक शिवण मारून रंग लावून मोकळा झालो असतो. ते काम चिपळूणच्या चासीवाल्याकडे ठरवलंय, केबिन झाली की.

डावी पायरी आणि डाव्या दरवाजाचा तळ झाला. पाइपचा आधार दिला, फटी खडूने लिहिल्या. काम झाल्यावर दरवाजा लावला तर मागच्या बाजूला कागदाच्या जाडीचा फरक. आतून प्रायमर, जोडावर सीलर, आणि दरवाजाच्या तळाची पाणी निघायची भोकं मोकळी केली. ती सगळी लाल मातीने बुजली होती, गंजाचं मूळ तिथेच होतं. आता हँडल वर केलं की पूर्वीचाच आवाज येतो.

कपाळ परवा केलं. ‘श्री’च्या खाली तीन बोटं जागा मिळाली. ओली माती लावली, तीसेक ठिपके, सकाळी दहाला बसलो ते चारला उठलो. प्रत्येक ठिपक्यानंतर बाबा हात लावून बघायचे आणि ‘अजून नको’ किंवा ‘आता मार’ सांगायचे. मधल्या वेळात त्यांनी सांगितलं की ते पेंटर अक्षरं लिहायला आले तेव्हा गाडी आठच दिवसांची होती, आणि त्यांनी पैसे घेतले नाहीत, पहिल्या फेरीचा एक डझन आंबा घेतला. माती काढली तेव्हा ‘श्री’च्या वेलांटीखालचा रंग नखाएवढा पिवळसर झालेला दिसला. बाकी सगळं होतं तसं.

आता उजवा फ्लोअर. ब्रेकचा पाइप त्याच्या खालून जातो. तो सोडवून बाजूला बांधायचा की पूर्ण काढायचा, काका, मॅडम, एवढं सांगा. रविवारी कापायला घेणार आहे, दरवाजा बसवूनच.

दापोडी बॉडी सेक्शन

पूर्ण काढा. तीस वर्षांहून जुना पाइप वाकवून बाजूला बांधलात तर तो जिथे वाकला तिथेच फुटेल, आणि ब्रेक ऑइलवर ठिणगी पडली तर पेट घेऊ शकतं. दोन्ही टोकांना बूच लावा. बसवताना नवीन पाइप टाका, जुना परत वापरू नका. ब्रेकची हवा काढल्याशिवाय गाडी गोठ्याबाहेर नाही.

बाबांना नमस्कार सांगा.